नव शापेल: बीटच्या शेतातले दोन वाघ

रानजाई_लील

मार्चमध्ये आप्पा (माझे वडील) तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. पॅरिस दाखवून झालं. आयफेल टॉवरखाली उभं राहून "लोखंड बरंच लागलं असेल" एवढा शेरा मिळाला. मग इथे उत्तर फ्रान्समध्ये, लीलमधल्या दोन खोल्यांत त्यांचा जीव रमेना. एका रविवारी नवरा म्हणाला, त्यांना नव शापेलला का नेत नाहीस? मी नऊ वर्षं इथे राहते, गाव गाडीने पाऊण तासावर, आणि मी एकदाही तिकडे फिरकले नव्हते. कबूल करायला लाज वाटते, पण करते.

नव शापेल म्हणजे 'नवं चॅपल'. आप्पांना अर्थ सांगितला तर म्हणाले, "नव म्हणजे नवंच की, त्यात काय शिकायचंय!" गाव अगदी लहान. एक चर्च, विटांची बुटकी घरं, आणि चहूकडे नजर पोचेल तिथवर सपाट शेतं. बीट, बटाटा, गहू. डोंगर नावाला नाही. पूर्वेला जी 'ओबेर टेकडी' म्हणून नकाशांत गाजलेली आहे, ती आप्पांना दाखवली तर त्यांनी तिला बांध म्हणायलाही नकार दिला. पण सपाट मुलखात दहा-पंधरा मीटर उंचीवर बसलेल्याला खालची सगळी हालचाल दिसते. १९१४ च्या ऑक्टोबरपासून तिथे जर्मन बसलेले होते.

पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांचं स्मारक गावाबाहेर चौफुलीवर आहे. एस्तेर–ला बासे रस्त्याला दुसरा रस्ता मिळतो, तिथे. इंग्रज सैनिक या चौफुलीला 'पोर्ट आर्थर' म्हणत. गाडीतून आधी दिसतो तो खांब, सुमारे १५ मीटर उंच, वर कमळ आणि मुकुट, पायथ्याशी दोन्ही बाजूंना दगडी वाघ. फ्रान्सच्या बीटच्या शेतात वाघ! खांबावर 'ईश्वर एक आहे, विजय त्याचाच' अशा अर्थाचा मजकूर इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत कोरलाय. देवनागरी अक्षरं दिसल्यावर आप्पा एकदम ताठ झाले आणि मोठ्याने वाचायला लागले.

आत मोठं गोल अंगण आहे. अर्ध्या गोलाला दगडी जाळीचा कठडा, सांचीच्या स्तूपाभोवती असतो त्या धाटणीचा. उरलेल्या अर्ध्यात सलग भिंत, आणि त्या भिंतीवर नावं. ४,७०० च्या वर. हे सगळे अविभाजित हिंदुस्थानच्या फौजेतले, फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पडलेले, आणि ज्यांची कबर किंवा चितेची जागा कुठेच सापडली नाही असे. आराखडा हर्बर्ट बेकरचा, म्हणजे दिल्लीचं सचिवालय ज्याने बांधलं तोच. ७ ऑक्टोबर १९२७ ला उद्घाटन झालं, फ्रेंच सेनापती मार्शल फॉश स्वतः हजर होता.

आता इथे झालं काय, ते थोडक्यात.

लाहोर आणि मेरठ अशा दोन डिव्हिजन मुंबई-कराचीहून निघाल्या. २६ सप्टेंबर १९१४ पासून मार्सेला उतरायला लागल्या, अंगावर सुती खाकी. महिन्याभरात त्या फ्लँडर्सच्या चिखलात होत्या. ऑक्टोबरअखेर जर्मनांनी नव शापेल घेतलं. ते परत घ्यायला २८ ऑक्टोबरला ज्यांना पाठवलं त्यांत ४७ वी शीख पलटण होती आणि (हे मला त्या दिवशीच कळलं) खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या. आपले बॉम्बे सॅपर्स! पूल बांधणं, चर खणणं, सुरुंग लावणं हे ज्यांचं काम, त्यांना संगिनी लावून घराघरांत घुसवलं. गाव घेतलंही त्यांनी, गल्लीगल्लीत झोंबून. पण मागून कुमक आलीच नाही. प्रतिहल्ला आला, मागे फिरावं लागलं. शिखांच्या २८९ पैकी ६८ जण परत रस्त्यावर जमले. सॅपर्सच्या दोन्ही कंपन्यांतला एकही इंग्रज अधिकारी धड राहिला नाही.

मोठी लढाई त्यानंतरची, १० ते १३ मार्च १९१५. सकाळी साडेसातला साडेतीनशेच्या आसपास तोफा एकदम सुरू झाल्या आणि ३५ मिनिटं चालल्या. विमानातून घेतलेल्या फोटोंवरून जर्मन चरांचे नकाशे आधीच काढून वाटले होते, ही तेव्हा अगदी नवी गोष्ट. नऊच्या सुमाराला गाव हातात. आणि मग घोळ! टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, निरोप घेऊन माणसं पळतायत, पुढे जायचा हुकूम दुपार टळून गेल्यावर. तोवर पलीकडच्या ब्येझच्या रानात जर्मनांनी माणसं आणि मशीनगन आणून बसवल्या. तीन दिवसांनी हिशोब केला तर दोन किलोमीटर जमीन मिळाली होती आणि आपल्या बाजूचे बारा हजारांच्या आसपास मेलेले, जखमी किंवा बेपत्ता होते. त्यांत चार हजारांवर हिंदी.

आप्पा शेतकरी माणूस. त्यांचं लक्ष रस्त्याकडेच्या चारीकडे. काठोकाठ पाणी. म्हणाले, "दोन हात खणलं की पाणी लागत असणार. हे लोक चरात कसे बसले?" अगदी बरोबर प्रश्न. या भागात खोल चर खणताच येत नव्हते. गुडघाभर खणायचं आणि वर माती भरलेल्या पोत्यांचा बांध रचायचा. तो बांध तोफेच्या एका गोळ्यात उडायचा.

परतताना एक प्रसंग घडला. शेताच्या कडेला विजेच्या खांबाशी गंजलेला, नारळाएवढ्या तोंडाचा लोखंडी तुकडा पडला होता. आप्पा तो चपलेच्या टोकाने उलटवायला निघाले. मी ओरडले. तो न फुटलेला तोफगोळा होता. नांगरताना लागला की शेतकरी बांधावर आणून ठेवतात, सरकारी पथक येऊन घेऊन जातं. शंभर वर्षं होऊन गेली तरी दर हंगामात निघतात. आप्पा गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि आपण दगड वेचतो म्हणून कुरकुरतो."

मला विचारायचंय ते वेगळंच. भिंतीवर आम्ही तासभर मराठी नावं शोधली. सॅपर्सच्या रकान्यात सापडली, पण हाताच्या बोटांवर. मराठे नक्की गेले कुठे? जाणकारांनी सांगावं.

खडकीवाला

उत्तम धागा. खडकीचा असल्यामुळे छाती दोन इंच फुगली.

प्रश्नाचं उत्तर: बसरा. १०३, १०५, ११०, ११७ या मराठा पलटणी फ्रान्सला गेल्याच नाहीत, मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेल्या. १०३, ११० आणि ११७ तर तिथे कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून उपासमार, घोड्याचं मांस, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्यानंतर तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून चालत नेलं, त्यात किती गेले विचारू नका. फ्रान्समधली हिंदी पायदळंही १९१५ च्या अखेरीला तिकडेच हलवली, इथे घोडदळ तेवढं १९१८ पर्यंत राहिलं. त्यामुळे नव शापेलला मराठी नाव दिसलं तर ते बहुधा सॅपर, नाहीतर पायोनियर (रस्ते-चर खणणाऱ्या पलटणीतला).

दगडफूल

खडकीवाला, पूना हॉर्स ही घोडदळाची पलटणही होती ना तिथे? नोव्हेंबर १९१४ ला नव शापेलजवळच लढली असं वाचलंय.

खडकीवाला

होती. २ नोव्हेंबरला त्यांचा कमांडिंग ऑफिसर तिथेच पडला. त्याच महिन्यात फेस्तुबेरला लेफ्टनंट डी पास याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. पण पूना हॉर्समध्ये पुणेकर शोधायला जाऊ नका! नाव पुण्याचं, जवान मुख्यतः राठोड राजपूत आणि कायमखानी मुसलमान. पुणेकर असते तर दुपारी एक ते चार लढाई बंद ठेवावी लागली असती. (पुणेकरांनी हलके घ्या, मीही त्यातलाच.)

रोखठोक

लेख छान, पण एक सांगा, अभिमान कशाचा? युद्ध कुणाचं, जमीन कुणाची, आणि मेले कोण? महिना अकरा रुपयांसाठी गेलेली माणसं. साहेबाने त्यांना काळोखात चिखलात ढकललं आणि नंतर दोन वाघ बसवून दिले. आपण त्या वाघांसोबत सेल्फी काढायचे.

रानजाई_लील

रोखठोक, सेल्फी काढला नाही. 'अभिमान' हा शब्दही मी वापरलेला नाही, वर जाऊन बघा. ते पगारासाठी गेले हे खरंच आहे. पण पगारासाठी गेलेल्या माणसाचं नाव लिहू नये असं थोडंच आहे?

सोनकी

रोखठोक यांचा मुद्दा अगदीच झटकून टाकण्यासारखा नाही. पण तेव्हाचं चित्र एवढं काळं-पांढरं नव्हतं. १९१८ मध्ये गांधीजी स्वतः खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायी हिंडले, लोकांनी दाद दिली नाही ती गोष्ट वेगळी. टिळकांचं म्हणणं होतं की भरती करू, पण आमच्या पोरांना अधिकारपदं द्या. जवानांची पत्रंही आहेत. इंग्रज सेन्सॉर ती वाचून भाषांतरं करून ठेवायचे, म्हणूनच ती टिकली! एकाने घरी लिहिलं होतं की काळी मिरी संपत आली, आता थोडी थोडी लाल मिरची वापरतात. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला अर्थातच कळलं. ही माणसं भोळी नव्हती.

रोखठोक

मिरचीचं माहीत नव्हतं. हे भारी आहे. बाकी मत कायम.

मांडवीकर

गोव्याहून. ताईंनी त्या चौफुलीजवळचं दुसरं स्मारक पाहिलं का? थोड्याच अंतरावर पोर्तुगीज सैनिकांचं दफनस्थान आहे, रिशबूर हद्दीत, १,८३१ कबरी. ९ एप्रिल १९१८ ला जर्मनांचा मोठा हल्ला नेमका पोर्तुगीज फौजेवर आला आणि काही तासांत त्यांची फळी फुटली. पोर्तुगालात ती लढाई 'ला लिस' म्हणून शाळेत शिकवतात, आणि आमचे आजोबा तेव्हा पोर्तुगालचीच प्रजा, म्हणून त्यांच्या पुस्तकातही ती होती.

नव शापेलचा एक ख्रिस्त आहे. गावात लाकडी क्रुसावर येशूची मूर्ती होती. सगळं गाव जमीनदोस्त झालं, मूर्ती उरली. पाय गुडघ्यापासून गेलेले, एक हात तुटलेला, छातीत गोळीचं भोक. पोर्तुगीज शिपायांची तिच्यावर श्रद्धा बसली. १९५८ मध्ये फ्रान्सने ती पोर्तुगालला दिली, आता बाताल्याच्या मठात अज्ञात सैनिकाच्या थडग्यावर आहे. लिस्बनला भावाकडे गेलो होतो तेव्हा पाहिली. दोन शिपाई पुतळ्यासारखे उभे. मूर्ती दुरुस्त केलेली नाही, तुटली तशीच टांगली आहे. मला ते फार बरोबर वाटलं.

रानजाई_लील

मांडवीकर, पाहिलं, पण बाहेरूनच, पाऊस आला म्हणून. ख्रिस्ताचं अजिबात माहीत नव्हतं. पुन्हा जायलाच हवं.

दगडफूल

फ्रेंचांचं एक मानलं पाहिजे. कुठल्याही खेड्यात जा, चर्चजवळ नाहीतर मेरीसमोर (म्हणजे ग्रामपंचायत हो) एक स्मारक असतंच, 'फ्रान्ससाठी मृत' आणि खाली नावांची यादी. वीस घरांचं गाव, सतरा नावं, त्यांतली चार एकाच आडनावाची. अशा यादीसमोर पोटात खड्डा पडतो. तेरा-चौदा लाख माणसं गेली त्यांची. नॉर्मंडीत तिएरव्हिल नावाचं एक गाव आहे, तिथली सगळी पोरं परत आली, म्हणून स्मारकच नाही. गाव त्याच कारणासाठी प्रसिद्ध!

आणि क्रेझ प्रांतात झाँत्यूला वेगळंच आहे. सैनिक नाही, झेंडा नाही. लाकडी बूट घातलेला एक अनाथ पोरगा, नावांच्या यादीखालच्या ओळीकडे वळलेली मूठ रोखून उभा: 'धिक्कार असो युद्धाचा'. सरकारला ते एवढं झोंबलं की अधिकृत उद्घाटन कित्येक दशकं झालं नाही. रोखठोक यांना आवडेल.

रोखठोक

आवडलं.

कोयनाकाठ

वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही.

आमच्या गावात चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली संगमरवरी पाटी आहे. सातारा-रत्नागिरीकडच्या पुष्कळ गावांत अशा पाट्या सापडतील. मजकूर ठरलेला: या गावातून इतके लोक १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. बस. दोन आकडे. अपशिंगे मिलिटरीच्या दगडाला निदान प्रसिद्धी मिळाली, त्या एका गावचे ४६ जण परत आले नाहीत. आमच्या पाटीवर लहानपणी आम्ही गोट्या खेळताना पाठ टेकायचो. मागे चावडीला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने पाटीवरूनही ब्रश फिरवला, मग कुणीतरी रॉकेलने पुसली. आकडे वाचता येतात. पण ते कोण, ते आता गावात कुणालाच सांगता येत नाही.

वरच्या प्रतिसादात फ्रेंच खेड्यातल्या सतरा नावांबद्दल वाचलं आणि हे आठवलं.

खडकीवाला

कोयनाकाठ, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. नव शापेलच्या भिंतीवर साध्या शिपायाचंही नाव आहे. बसऱ्याच्या स्मारकावर तसं नाही. तिथे ४०,००० वर माणसांची नोंद, पण हिंदी फौजेतल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली. बाकीच्यांसाठी पलटणीचं नाव आणि पुढे 'अमुक इतर' असा आकडा. गोऱ्या शिपायाचं मात्र नाव. म्हणजे मराठा पलटणींतले बहुतेक लोक तिथे आकडाच आहेत, आणि गावातल्या पाटीवरही आकडाच. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये या भेदभावाची चौकशी करून माफी मागितली. खुद्द ते स्मारक सद्दामने १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून ३०-३२ किलोमीटर दूर नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलं.

पण नावं हरवलेली नाहीत. कागदावर आहेत. कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. काही नोंदींत बापाचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेलं असतं. युक्ती एवढीच की इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय. 'जाधव'चं 'जाधाओ', 'पवार'चं 'पोवार'. आडनावाने नाही सापडलं तर पहिल्या नावाने शोधा, नाहीतर गावाच्या नावाने. गावाचंही स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी घालून बघा.

सोनकी

आणि सापडतात माणसं अजूनही. २०१६ मध्ये रिशबूरजवळ चारी रुंद करताना दोन जवानांचे अवशेष मिळाले. खांद्यावरच्या बिल्ल्यांवरून ३९ व्या गढवाल रायफल्सचे एवढं कळलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये लावांतीच्या सैनिकी दफनभूमीत मानवंदना देऊन ठेवलं, गढवालहून पलटणीचे लोक आले होते. याच पलटणीचा गबरसिंह नेगी १० मार्चला नव शापेललाच पडला, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. उत्तराखंडात चंबाला त्याच्या नावाने दरवर्षी जत्रा भरते. एका माणसाचं नाव ठाऊक आहे तर जत्रा भरते बघा.

रानजाई_लील

चारी रुंद करताना! आप्पा ज्या चारीकडे बघत उभे होते, तशीच कुठलीतरी. त्यांना फोनवर वाचून दाखवते.

कोयनाकाठ

खडकीवाला, आभार. काल रात्री दोन वाजेपर्यंत बसलो होतो. गावाचं नाव चार प्रकारे घातलं. सात नोंदी मिळाल्या. सहा बसऱ्याच्या. त्यांत दोघे सख्खे भाऊ असावेत, बापाचं नाव एकच. सातवी नोंद नव शापेलची आहे, सॅपर, आणि आडनाव आमच्या वरच्या आळीतलं. त्या घरात आज सकाळी जाऊन आलो. म्हातारीला सांगितलं तर म्हणाली, सासऱ्यांचा चुलता लढाईत गेला एवढं ऐकून होते, दर पितृपक्षात एक पान जास्तीचं वाढतो, का ते आम्हाला माहीत नव्हतं.

नाव इथे लिहीत नाही, ताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

रानजाई_लील

व्यनि मिळाला. येत्या रविवारी जाते. पॅनेलचा नंबर नोंदीत असेल तर तोही पाठवा, भिंत लांबलचक आहे. दुपारनंतर जाईन, तेव्हा ऊन तिरपं पडलं तर कोरलेली अक्षरं फोटोत नीट येतील. पाऊस असला तर पुढच्या रविवारी. आजींना सांगून ठेवा.